ऑइलपेंटखालचे देव

सोलापूर मागे टाकून अक्कलकोटकडे निघालं की रस्ता आता चौपदरी आहे. अशा रस्त्यावरून गावं दिसत नाहीत, नुसत्या पाट्या दिसतात. वळसंगची पाटीही येते आणि मागे जाते. बहुतेक गाड्यांना स्वामी समर्थांच्या वटवृक्षाची ओढ असते. वाटेत थांबायचं ते फार तर चहाला, नाहीतर पंक्चर काढायला. मी थांबतो तो देवांसाठी. मोठ्या देवांसाठी नव्हे, त्यांना माणसांची ददात नाही. मला नाद आहे तो किरकोळ देवांचा. ज्यांना पावतीपुस्तक नाही, दर्शनरांग नाही, आणि ज्यांचं नाव विचारलं तर दोन माणसं तीन नावं सांगतात, अशा देवांचा.

वळसंग दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. काळी जमीन, ज्वारी, तूर, बांधावर बाभळी, आणि एकाच वाक्यात अर्धी मराठी, अर्धी कानडी. इकडचे देवसुद्धा दुभाषे. मराठीत जो बिरोबा, तोच दोन घरं सोडून बिरप्पा होतो. नैवेद्यात फरक पडत नाही. देवांचे पत्तेही ठरलेले. मारुती वेशीत, महादेव गावात, म्हसोबा शिवेवर, मरीआई गावाबाहेर, बिरोबा माळावर, मेंढरांच्या वाटेला. नवखा माणूस कुठल्याही गावात शिरला तरी देवांवरून त्याला गावाचा नकाशा उमगावा. कोणाची वस्ती कुठे होती हेही त्यातच आलं. महादेवाच्या शेजारी कोणाचे वाडे आणि मरीआईच्या शेजारी कोणाची घरं, हे या मुलखात कोणाला सांगावं लागत नाही.

मरीआईचं देऊळ म्हणजे कमरेएवढी चौकट. माणूस आत जाऊच शकत नाही, देवीच तेवढी मावते. पटकीच्या साथीत तिला गाड्यात बसवायचं आणि वाजतगाजत शिवेपार पोचवायचं. मग पुढच्या गावाने तिला त्याच्या शिवेपार. साथ अशी एका शिवेवरून दुसरीवर ढकलण्यात शेजारधर्म कितपत होता कोण जाणे, पण आपली हद्द कुठे संपते हे तेव्हा पोराटोरांनाही पाठ असणार. आता हद्दी तलाठ्याकडे असतात आणि साथींना रस्ता लागत नाही.

या पट्ट्यात वीरगळही पुष्कळ. कुठे पाराला टेकलेले, कुठे गोठ्याच्या भिंतीत चिणलेले, कुठे धुणं धुवायला आडवे टाकलेले. एका वेशीजवळचा वीरगळ मला अजून डोळ्यांसमोर आहे. लोक त्याला मारुती म्हणत होते. शेंदराऐवजी त्याच्यावर भगवा ऑइलपेंट होता, तोही एकाच वर्षाचा नव्हे. दर सणाला नवा हात, जुन्यावर चढवलेला. रंगाची ती जाड साय बोटांनी चाचपत गेलो तेव्हा तिच्याखाली एकावर एक तीन कप्पे लागले. सगळ्यात खाली आडवा पडलेला माणूस आणि त्याच्या उशाशी गाईची शिंगं. मधल्या कप्प्यात त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या कप्प्यात शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. कोणा भक्ताने अर्पण केलेले चांदीचे डोळे नेमके त्या चंद्र-सूर्याच्या जागी डकवले होते. त्यामुळे तळाशी मरून पडलेला गडी वरून आपल्याकडे टक लावून पाहत होता.

गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेला हा कोणीतरी. नाव कोरलेलं नव्हतं. घरच्यांनी तेल घातलं असेल, त्यांच्या पोरांनी घातलं असेल. पुढे नाव विसरलं, गुरं विसरली, तेल घालायची सवय तेवढी राहिली. आणि सवयीला कोणीतरी देव लागतोच, म्हणून मारुती आला. मला यात काही वावगं वाटत नाही. गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन अभ्यासक धनगरांबरोबर हिंडला आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर त्याने आयुष्य घातलं. आपल्या रा. चिं. ढेऱ्यांनीही असेच देव उकलत उकलत लज्जागौरीपासून विठ्ठलापर्यंत मजल मारली. या मंडळींना देवाच्या अंगावरचा एकेक थर मोलाचा वाटत होता. जीर्णोद्धार समितीला तो खरवडायचा असतो.

जीर्णोद्धार हा तसा माझ्या रागाचा विषय. दगडी भिंतीवर बाथरूमची फरशी, कळसाच्या जागी सिमेंटचे सिंह, गाभाऱ्याला स्टीलचं रेलिंग, आणि या सगळ्यावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. बांधणारा अनामिक राहिला, फरशी देणारा अजरामर झाला. एका देवळात पुजारी मामा पाणी मारून फरशी धूत होते. न राहवून विचारलं.

"मामा, आधीची भिंत कशी होती?"

"काळी होती की. तेलकट. पोरं टेकायची नाहीत."

"दगडीच होती ना पण?"

"दगडीच. आता कसं, बादलीभर पाणी मारलं की झालं." आणि जरा थांबून म्हणाले, "तुम्हाला जुनं बघायचं असतंय सर. आम्हाला रोज झाडायचं असतंय."

त्यांना मी काय सांगणार होतो? रोज झाडणाऱ्याचा हक्क वर्षातून एकदा बघायला येणाऱ्यापेक्षा मोठाच. पण प्रश्न मनातून गेला नाही. देऊळ टिकवायचं म्हणजे त्यात नेमकं काय टिकवायचं?

या प्रश्नावर जपानमध्ये इसे इथल्या लोकांनी फार जुन्या काळी एक तोडगा काढला. तिथलं सूर्यदेवी अमातेरासूचं देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात आणि मग जुनं उतरवतात. खांब सरळ जमिनीत पुरलेले, छप्पर गवताचं, ते कुजायचंच. म्हणून कुजायच्या आत नवं. पहिली अशी बांधणी इसवी सन ६९० मधली, बासष्टावी २०१३ मधली, पुढची २०३३ मध्ये. मधे यादवीच्या काळात शंभराहून अधिक वर्षं खंड पडला होता, तरी धागा पुन्हा जोडला गेला. तिथे आजचं एकही लाकूड जुनं नाही, पण रंधा मारायची रीत जुनी आहे, सांधा बसवायची रीत जुनी आहे. वीस वर्षांचा हिशेबही सुताराच्या आयुष्याला धरून आहे. विशीत उमेदवारी केलेला चाळिशीत कारागीर होतो आणि साठीत पुढच्यांना शिकवतो. उतरवलेली लाकडंही वाया जात नाहीत, दुसऱ्या देवळांच्या कामी येतात.

जपानच्या शिंतो धर्माचे देव म्हणावेत तर आमच्या शिवेवरच्या देवांचे सख्खे चुलतभाऊ शोभतील. गाभाऱ्यात बहुधा मूर्ती नसते. आरसा असतो, तलवार असते, कुठे नुसता दगड. कुठे डोंगरच देव, कुठे म्हाताऱ्या झाडालाच गवताचा दोर बांधलेला. देवाच्या वाटेवर तोरी नावाची लाकडी कमान. तिला ना दार, ना बाजूला भिंत. ही कमान चित्रात पाहिली तेव्हा मला आमच्याकडच्या वेशीच आठवल्या. गावकूस कधीच ढासळलं, दगड घरांच्या जोत्यांत गेले, आणि वेस एकटीच उभी. बाजूने मोकळी जागा असूनही वरात मात्र तिच्याखालूनच जाते.

तिकडे सगळंच आलबेल होतं असं नाही. १९०६ मध्ये तिथल्या सरकारने खेड्यांतली छोटी देवळं मोठ्या देवळांत विलीन करायचं धोरण काढलं. हजारो देव घराबाहेर पडले, त्यांच्याभोवतीच्या राया तोडल्या गेल्या, लाकूड विकलं गेलं. मिनाकाता कुमागुसू या पठ्ठ्याचा सगळा जीव झाडांवरच्या बुरशीवजा जीवांत. राई गेली की आपले जीवही गेले, म्हणून तो सरकारशी भांडला आणि १९१० मध्ये त्यापायी कोठडीतही जाऊन आला. देवांची बाजू घ्यायला असा बुरशीवाला माणूस लागावा याची मला गंमत वाटते. आमच्याकडे रस्ते रुंद होतात तेव्हा झाडं आधी जातात, आणि झाडाखालचा देव दहा फूट मागे, नव्या कोऱ्या चौथऱ्यावर, उन्हात.

दगड टिकवायचाच म्हटलं तर तो कसा टिकतो हे पाहायला वळसंगकरांना फार लांब जावं लागत नाही. याच तालुक्यात भीमा आणि सीना मिळतात तिथे हत्तरसंग कुडल आहे. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन देवळं. गाव त्यांना हेमाडपंती म्हणून मोकळं होतं. हेमाडपंत बिचारा तेराव्या शतकातल्या यादवांचा प्रधान, आणि संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे; तेव्हा इथे कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य. हा लेख सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांच्या रांगेत तो बसतो, आणि त्याच्या शेवटी वाचणाऱ्याला विजय चिंतिला आहे. लेखाच्या शेवटी शाप देणारे राजे पुष्कळ झाले. दान मोडणाऱ्याला गाढवाची गोष्ट ऐकवणारे गधेगाळ तर महाराष्ट्रभर आहेत. वाचकाला आशीर्वाद देणारा लेख मात्र मला दुर्मीळ वाटतो. लिहिणाऱ्याला वाचकाची किंमत माहीत होती.

हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली गेलं होतं. १९९९ मध्ये तिथे उत्खननात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग निघालं. ते पाहताना नजर एका जागी ठरत नाही. बोटभर उंचीची एकेक आकृती, रांगांवर रांगा. तिथल्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्पर नाही. ऊन थेट खाली उतरतं आणि दुपार सरकते तशी उजेडाची चकती खांबांवरून फिरते. इतकी वर्षं मातीने जे राखलं ते देखभालीत किती उरलं असतं, हे मी मामांना विचारलं नाही.

मामांच्या बाजूने बोलायचं तर सोलापूरचं सिद्धेश्वर पाहावं. सिद्धराम हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंचे समकालीन. त्यांनी तळं खोदवलं आणि सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. आज त्यातली काही लिंगं घरांच्या आडोशाला, काही दुकानांच्या मागे. शोधत गेलो तर सापडणार नाहीत. पण संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या दिवशी सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तेल घालून येतात. दुसऱ्या दिवशी सिद्धरामांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न, संमती कट्ट्यावर अक्षता. नंदीध्वज म्हणजे उंचच उंच, सजवलेला, जड बांबू. पांढऱ्या बाराबंदीतला एकटा गडी तो पेलतो, बाकीचे भोवतीने सांभाळतात. त्याचा सराव यात्रेच्या कितीतरी आधीपासून गल्लीगल्लीत सुरू होतो. कोणत्या ध्वजाचा मान कोणत्या समाजाचा हे ठरलेलं. देवळाला रंग कोणता दिला, फरशी कोणती बसवली, याने त्या वाटेत काही फरक पडत नाही. इसेचं जे लाकूडकाम, ते इथे बांबू पेलणाऱ्या कमरेत आणि खांद्यात आहे. माझा फरशीवरचा राग तिथे अर्धा उतरतो. पुरता नाही.

आणि वळसंगात? गावात शंकरलिंगाचं देऊळ आहे, बाकीचेही देव आपापल्या ठरल्या जागी. कोणत्याही देवळाचं वय विचारलं की उत्तर एकच, "लई जुनं". गावात एका जागेला मात्र पक्कं साल आहे, आणि तिथे देव नाही. ती विहीर आहे. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना पाणी भरू देत नव्हते त्या दलित वस्तीने ती खोदली आणि १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी वळसंगला येऊन तिचं पहिलं पाणी शेंदलं. महाडच्या तळ्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती, आणि काळाराम मंदिराचं दार पाच वर्षं वाजवूनही उघडलं नव्हतं. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं. त्यानंतरच्या या भेटीत त्यांच्या हातात घंटेचा दोर नव्हता, पोहऱ्याचा होता. दोर ओढला की काय वर येतं ते दिसतं, ही त्या दोराची खासियत. लोक लांबून ही विहीर पाहायला येतात. फुलं वाहतात, फोटो काढतात, लेकराला उचलून आत दाखवतात.

काठाशी गेलो तर दप्तर पाठीला लावलेला एक मुलगा आडवा आला.

"सर, चप्पल तिकडं काढा की."

काढली. मग त्यानेच सगळं सांगितलं: कोणी खोदली, कधी खोदली, बाबासाहेब कुठे उभे राहिले. साल दोनदा सांगितलं, शाळेत बाई विचारतात तसं. गावात आणखी काय बघण्यासारखं आहे, असं विचारल्यावर तो जरा विचारात पडला.

"शंकरलिंग हाय की. पण पुजारी जेवायला गेले तर कुलूप असतंय. पळा लवकर."