चाकावरील लेख

गेलीं अठ्ठावीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों, आणि या सर्व काळांत विद्यार्थ्यांना आमचें एकच सांगणें असतें कीं, मार्गदर्शकें बाजूला ठेवा आणि मूळ ग्रंथ वाचा. आवृत्ति कोणती, साल कोणतें, हें पाहिल्यावांचून पुस्तकास हात घालूं नये, असा आमचा दंडक आहे. असें असतां आमच्या स्वतःच्या मालकीचा एक मजकूर अकरा वर्षें आमच्या खालीं गरगर फिरत होता आणि त्यांतलें एक अक्षरहि आम्हीं वाचलेलें नव्हतें, हें कबूल करावयास आम्हांस लाज वाटते. हा मजकूर आमच्या फटफटीच्या टायरावर होता.

फटफटी हा शब्द आतां मागें पडला आहे. आमची कन्या तिला 'बाईक' म्हणते, आणि आमच्या कुटुंबाच्या तोंडीं तिचें नांव 'तुमचें तें धूड' असें आहे. शंभर सी. सी. चें साधें यंत्र. २०१२ सालीं घेतलें, तेव्हांपासून पुण्याच्या रस्त्यांवर तें आम्हांस इमानानें वाहून नेत आहे. अलीकडे दोन वर्षें कन्याहि तें कॉलेजांत नेऊं लागली होती. २०२३ च्या जूनच्या आरंभीं पेट्रोलपंपावर हवा भरणाऱ्या मुलानें मागल्या चाकाकडे बोट दाखवून "सर, टायर गोटा झालाय," असें सांगितलें. सांगतांना त्याची दृष्टि क्षणभर आमच्या मस्तकाकडे गेली असावी, असा आम्हांस संशय आहे. पण तें असो. पाऊस तोंडावर आला होता, आणि मुलगी गाडी चालविते, तेव्हां खर्चाकडे पाहावयाचें नाहीं, असें ठरवून आम्ही कोपऱ्यावरचें साधें दुकान सोडून एका अधिकृत सेवाकेंद्रांत गेलों.

सेवाकेंद्र म्हणजे पाहून घ्यावें! बसावयास कोच, थंड हवा, चहाचें यंत्र, आणि आपलें वाहन व आपण यांच्यामध्यें एक भली मोठी कांच. कांचेपलीकडे ग्राहकांस मज्जाव. गळपट्टा लावलेल्या एका तरुणानें आमच्याकडून सही घेतली, आणि "सर, मागचा टायर आणि ट्यूब, दोन्ही नवीन टाकूं," असें म्हटलें. टायर कोणत्या कारखान्याचा, केव्हांचा, हें विचारावें असें आमच्या मनांत आलें होतें. परंतु विचारल्यास पुढच्याच वाक्यांत आपलें अज्ञान उघडें पडेल, या भीतीनें आम्हीं फक्त मान हलविली. सुशिक्षित माणसाची ही खोड मोठी महाग असते. रस्त्यावरचा भाजीवाला वांगें दाबून पाहूं देतो आणि आपणहि निःसंकोच पाहतों. पण जेथें गालिचा अंथरलेला असतो, तेथें प्रश्न विचारणें आपणांस असभ्य वाटूं लागतें. दोन तासांनीं दोन हजार तीनशें चाळीस रुपयांचें बिल आणि बरोबरच्या खुणांनीं भरलेला एक तक्ता हातीं आला. तो तक्ता पाहून आम्हांस फार समाधान वाटलें.

पाऊस सुरू झाला त्या आठवड्यांत कन्या दोन दिवस लांब बाह्यांचा सदरा घालून वावरत होती. तिसऱ्या दिवशीं तिच्या आईनें बाही वर सारली, तेव्हां कोपरापासून मनगटापर्यंत सालपटून निघालेला हात दिसला. गुडघ्याचीहि तीच अवस्था. म्हात्रे पुलाच्या उतारावर गाडी घसरली होती. मागून येणारी बस वेळींच थांबली, एवढें तिनें हळूच सांगितलें. बस हा शब्द ऐकून आमच्या कुटुंबानें भिंतीचा आधार घेतला. आम्हीं काय केलें म्हणाल, तर व्याख्यान दिलें. वेग, अनवधान, कानांत गाणीं घालून गाडी चालविण्याची तरुण पिढीची चाल, असे मुद्दे घेऊन आम्ही चांगले वीस मिनिटें बोललों. "बाबा, मी वेगांत नव्हतें. ब्रेक लावला आणि मागचं चाक एका बाजूला गेलं," एवढेंच ती म्हणाली. अपराध्याचें हें नेहमींचेंच उत्तर आहे, असें आम्हांस वाटलें.

पुढें चार दिवसांनीं मागल्या चाकांतली हवा रोज उतरूं लागली, म्हणून आम्ही दोघें दत्तवाडीच्या बाजूच्या एका पंक्चरवाल्याकडे गेलों. हे गृहस्थ तीस वर्षांपूर्वीं केरळांतून आलेले. त्यांच्या मराठींत लिंगविचार अजून पक्का झालेला नाहीं, पण बाकी ती झणझणीत आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याचें छप्पर, हवेचें यंत्र आणि पाण्यानें भरलेलें लोखंडी घमेलें. त्यांनीं चाक काढलें, ट्यूब पाण्यांत दाबली, बुडबुडे आले तेथें बोट ठेवलें, आणि म्हणाले, "बसवतांना पट्टीत चिमटली." मग टायर उभा धरून त्यांनीं त्याच्या कुशीवरची धूळ अंगठ्यानें पुसली आणि आमच्याकडे वर पाहिलें.

"साहेब, हा टायर उलटी बसली."

तेथें एक बाण होता. चाक पुढें फिरतांना ज्या दिशेस फिरलें पाहिजे ती दिशा तो दाखवितो. आणि आमच्या चाकावर तो मागें जात होता. टायरावरील नक्षी शोभेसाठीं नसून रस्त्यावरचें पाणी मधून बाजूस फेकण्यासाठीं असते, आणि बाणाविरुद्ध बसविल्यास तिचें हें काम बिघडतें, ही गोष्ट आम्हांस वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, एका उलट्या डब्यावर बसून कळली. मग त्यांनीं आम्हांस बाकीचाहि लेख वाचून दाखविला. २.७५-१८ म्हणजे रुंदी पावणेतीन इंच आणि आंतल्या कड्याचा व्यास अठरा इंच. ४८ पी यांतला आंकडा भाराचा, एकशें ऐशीं किलो. अक्षर वेगाचें, ताशीं दीडशें किलोमीटर. (आमच्या गाडीनें कात्रजचा घाट उतरतांना, पाठीशीं वारा असतां, एकदां साठाचा आंकडा पाहिला आहे.) शेवटीं एका लंबगोलांत चार आंकडे : ३५१८. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन सालाचे. २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा! ज्याला आम्ही नवा म्हणून घरीं घेऊन आलों, तो टायर पांचव्या वर्षांत चालत होता.

येथें न्यायानें बोलणें जरूर आहे. अंधाऱ्या, थंड जागीं ठेवलेलें रबर चार-पांच वर्षांत कुजून जात नाहीं. तें हळूहळू कठीण मात्र होतें, आणि कठीण रबर ओल्या रस्त्यास कमी धरतें. अगदीं ताज्या टायराचा पृष्ठभागहि पहिले शें-दीडशें किलोमीटर गुळगुळीत असतो, आणि तेवढे दिवस जपून चालवावें लागतें. हें आम्हांस सेवाकेंद्रांत कोणीं सांगितलें नाहीं, व आम्हीं विचारलें नाहीं. तेव्हां पडण्यास बाण कारण, रबर कारण, कीं पुलावरचा चिखल कारण, हें सांगतां येणार नाहीं. परंतु ज्या एका कारणावर आम्ही वीस मिनिटें बोललों होतों, त्याचा पुरावा मात्र त्या दुकानांत कोठेंच निघाला नाहीं. कन्या घमेल्यांतल्या पाण्याकडे पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तावातावानें सेवाकेंद्रांत गेलों. व्यवस्थापक अत्यंत सौजन्यानें वागले. त्यांनीं आमचाच तक्ता काढून पुढें ठेवला. त्यांत 'टायरची दिशा' या ओळीपुढें निळ्या शाईची ठसठशीत खूण होती. "सर, टिक आहे म्हणजे चेक झालंय," ते म्हणाले. त्या खुणेकडे पाहतां पाहतां आमचा आवाज निम्म्यावर आला. अशा खुणा आमच्या ओळखीच्या होत्या. एप्रिलच्या उकाड्यांत दिवसाला चाळीस उत्तरपत्रिका संपवावयाच्या, म्हणून पान उलटतां उलटतां आमच्याच लेखणींतून त्या हजारोंनीं उतरलेल्या आहेत. आणि त्यांच्या खालीं कोण घसरलें असेल, हें पाहावयास आम्ही कधीं गेलों नाहीं. टायर फुकट फिरवून देऊं, पण पांच वर्षांच्या आंतला माल आम्ही जुना मानीत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. घरीं येऊन आम्हीं चार पानांचें इंग्रजी पत्र लिहिलें. त्यास एक तक्रार-क्रमांक आला. तो अद्याप आमच्याजवळ आहे.

हवेचा टायर १८८८ सालीं बेलफास्टमध्यें डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें केला, तो मुलाच्या तीनचाकीसाठीं. त्याच्या आधीं १८४५ त थॉमसननें अशाच चाकाची सनद घेतली होती, म्हणून डनलॉपची सनद पुढें टिकली नाहीं. पण तीनचाकीचें काम झालेलें होतें. ही हकीकत आम्हांस विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे आणि वर्गांत आम्हीं ती पुष्कळदां सांगितली आहे.

जुलैच्या पहिल्या रविवारीं आम्ही बापलेक नाना पेठेंत टायर घेण्यास गेलों. एकावर एक रचलेल्या टायरांपुढें उकिडवी बसून कन्या मोबाईलच्या उजेडांत आंकडे वाची, आणि आम्ही मान हलवूं. ४४२१. नको. ०८२२. नको. दुकानदार कुरकुरूं लागला. पण आम्हांस आतां लाज उरली नव्हती. चौथ्यास ती म्हणाली, "एकोणीस तेवीस!"

"छे, छे, शंभर वर्षांचा टायर?" आम्ही ओरडलों.

"बाबा, एकोणिसावा आठवडा. याच मे महिन्यातला."

दुकानदार हंसला, तीहि हंसली, आणि सालपट धरलेलें कोपर तिनें खाजवलें. दत्तवाडीच्या गृहस्थांनीं बसविण्याचे दीडशें रुपये घेतले, बाण दोनदां दाखविला, आणि पहिले दोन-तीन दिवस घाई करूं नका, असें बजावलें. आम्हीं किल्ली कन्येच्या हातीं दिली व मागें बसलों. म्हात्रे पुलाच्या उतारावर तिनें आपण होऊनच वेग कमी केला. वीस मिनिटांच्या त्या व्याख्यानाविषयीं कांहीं बोलावें, असें तेथें आमच्या मनांत होतें. वारा फार होता. आम्हीं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, नीट धरून बसा," ती म्हणाली.