अखंड स्वर

चर्चमधील नाताळच्या संगीतसभेत पितळी वाद्ये वाजवावयाची म्हणजे मोठा गजर करावयाचा, असा पुष्कळांचा समज असतो. गोव्यातील आम्हां आठ हिंदू-ख्रिस्ती वादकांचा अनुभव निराळा आहे. ‘सायलेंट नाइट’ हे गीत १८१८ साली ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे गिटारच्या साथीवर प्रथम गायिले गेले. अशा हळुवार रचनेत ट्रम्पेट-ट्रॉम्बोनांनी मृदू बोलणे, हीच खरी कसोटी. थंड पितळ स्वरात उतरते. म्हणून आरंभापूर्वी आम्ही वाद्यांत नुसता उष्ण श्वास सोडून ती उबदार करून घेतो.

आमच्यातील ज्येष्ठ ट्यूबावादकांचा दम आताशा पुरत नाही. गतवर्षी त्यांनी वाद्य खाली ठेवण्याची भाषा काढली. तेव्हा बास ट्रॉम्बोनने त्यांचाच खर्ज धरावा व दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यावा, असे आम्ही ठरविले. सर्वांनी एकदम दम घेतला तर गीत खचते. एकाने घेताना दुसऱ्याने स्वर सांभाळला, की ते अखंड राहते. त्या रात्री श्रोत्यांना कोठेही सांधा जाणवला नाही. यंदाही ते आमच्यासमवेत बसणार आहेत.