पत्र्याखालचा माळा

भंडारा जिल्ह्यात छपरांची कामं करणाऱ्याला एकच तक्रार वर्षातून दोनदा ऐकावी लागते. पौषात फोन येतो, "मिस्त्री, पत्रा गळते." आभाळ स्वच्छ, पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झालेले, आणि पत्रा गळतो. मग वैशाखात त्याच घरून पुन्हा फोन, "आत बसवत नाई जी, भट्टी झाली." घरच्यांच्या लेखी ही दोन वेगळी दुखणी असतात. हिवाळ्यात ते पत्र्याचे नट आवळून मागतात, उन्हाळ्यात मोठा कूलर कोणता घ्यावा ते विचारतात. मी जाऊन वर पाहतो. दोन्ही वेळेला डोक्यावर अर्धा मिलिमीटरचा पत्रा असतो आणि त्याच्या खाली काहीच नसतं.

पौषातलं ते गळणं म्हणजे पत्र्याचा घाम. रात्री आभाळ मोकळं असलं की पत्रा आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकतो आणि भोवतालच्या हवेहूनही गार पडतो. खाली चार-पाच माणसं झोपलेली, त्यांचा श्वास, संध्याकाळच्या भाताची वाफ. ती सगळी ओल वर जाऊन पत्र्याला लागते आणि पहाटे थेंब होऊन पांघरुणावर पडते. हा तलावांचा जिल्हा. गावागणिक मालगुजारी तलाव, बोड्या, पाट, धानाच्या बांध्या. हवेला ओलाव्याची कमतरता कधीच नसते. पारा दहाच्या खाली उतरला की तुमसरपासून लाखांदूरपर्यंत पत्र्याच्या घरांतून ही टपटप ऐकू येते.

पत्र्याच्या आधी इथे कवेलू होते. ते गेल्याबद्दल शहरातून आलेले पाहुणे फार हळहळतात. कवेलूच्या घराचं कौतुक करणारा माणूस बहुधा मृगाच्या तोंडावर कवेलू फेरायला चढलेला नसतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी सगळं छप्पर उतरवायचं, फुटके बाजूला काढायचे, चांगले पुन्हा रचायचे. त्यात माकडं. जंगलालगतच्या गावांत एक टोळी छपरावरून उड्या मारत गेली की शे-दोनशे कवेलू फुटलेच. कुंभार कवेलू थापेनासे झाले, फेरणारे मजूर कामासाठी नागपूर-हैदराबादला गेले. अशा वेळी एखाद्या विधवा बाईने टिन टाकून घेतले, तर तिला वारशाबद्दल प्रवचन देणं मला जमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कवेलू काढताना लोकांनी माळाही काढला. जुन्या घरात गारवा कवेलूंमुळे होता असा सगळ्यांचा समज. खरं तर कवेलू पाऊस आणि पहिलं ऊन तेवढं झेलायचे. बाकीचं काम त्यांच्या खालचा माळा करायचा. साग किंवा येनाचे म्याल, त्यावर बांबू, त्यावर तणस किंवा पालापाचोळा, त्यावर माती, आणि वर शेणाचं सारवण. एखाद्या मालगुजाराच्या वाड्यात अजून जाऊन पाहा. वैशाखात दुपारी ओसरीत उभं राहवत नाही, आणि उंबरठा ओलांडून माळ्याखालच्या खोलीत गेलं की अंगावरचा घाम सुकायला लागतो. कवेलू दोन्हीकडे तेच असतात.

उष्णता अडवायला जड वस्तू लागते, हा गैरसमज मिस्त्री लोकांतही पक्का आहे. अडवते ती जागच्या जागी थांबलेली हवा. तणस, धानाचा भुसा, कापूस, लोकर ही सगळी त्या हवेला कोंडून ठेवायची साधनं. आमच्या आठवडी बाजारात बर्फाची लादी भुशात पुरून यायची, आणि त्याच दिवसांत घरी आंब्याची आढी तणसात घातलेली असायची. तणसाने आंब्याची ऊब आत धरली, भुशाने उन्हाची ऊब बाहेर ठेवली. अमेरिकेतल्या फ्रेडरिक ट्यूडरने याच्यावर मोठा व्यापार उभा केला. १८३३ साली त्याचं 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं, तेव्हा शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. मधे विषुववृत्त दोनदा ओलांडलेलं. विजेवरचं कोणतंही यंत्र त्यात नव्हतं.

आता स्लॅबचा हिशोब. १२ सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट जेवढी उष्णता अडवतं, तेवढी थर्माकोलचा अडीच-तीन मिलिमीटरचा पापुद्रा अडवतो. हे आकडे मी घरमालकाला सांगतो तेव्हा तो माझ्याकडे संशयाने पाहतो, कारण स्लॅबवर त्याने आयुष्याची कमाई घातलेली असते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उलटतो. नवतपात रात्री दहा वाजता पंखा लावला की वरून गरम वाराच येतो, तो त्यामुळे. ऊर्जा बचतीसाठी केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेत छताची मर्यादा लिहिली आहे: आतबाहेर एक अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसता स्लॅब याच्या दुपटीहून जास्त जाऊ देतो. चार इंच भुशाने ती मर्यादा सहज पाळली जाते.

भुसा म्हणजे राईस मिलमधलं धानाचं तूस. शंभर किलो धान भरडलं की वीस किलोच्या आसपास तूस निघतं, आणि हा जिल्हाच धानाचा. तुसात सिलिका भरपूर असते. त्यामुळे ते गुरं खात नाहीत, लवकर कुजत नाही आणि कागदासारखा भडका घेत नाही. मात्र एकदा आग लागली की आतल्या आत तासन्‌तास धुमसतं. म्हणून चुलीच्या धुराड्याजवळ मी भुसा घालत नाही, तिथे कोरडी माती आणि विटांचे तुकडे. विजेची वायर भुशात पुरायची नाही, पाइपातून न्यायची, आणि तिचे जोड माळ्याच्या खाली दिसतील असे ठेवायचे. यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

काम असं चालतं. पत्रा काढायचा नाही. खाली, भिंतींच्या उंचीला, बांबू फूट-फूट अंतराने टाकायचे. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेले असावेत असं म्हातारे सांगतात. मला त्याची खात्री नाही, पण काही आठवडे बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या बांबूला कीड कमी लागते हे नक्की. त्यातलं पिठूळ पाण्यात उतरून जातं. पैसे असतील त्याच्याकडे बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून घेतो. बांबूंवर बुरडाकडून विणून घेतलेला तट्टा. तट्ट्यावर शेणमातीचा पातळ लेप, भुसा खाली झरू नये एवढाच. त्यावर चुन्याची भुकटी मिसळलेला भुसा चार इंच, दाबून न भरता. दाबला की हवा निघून जाते, मग उरतं नुसतं ओझं. सगळ्यात वर पुन्हा मातीचा लेप.

वजनाचं गणित लोकांना उलटं वाटतं. दहा बाय बाराच्या खोलीला चार इंच भुसा म्हणजे सव्वाशे किलोच्या आत-बाहेर. तेवढ्याच खोलीवर एक इंच माती टाकली तर चारशे किलोंच्या वर जाते. तरी भुसा भरताना कुणीतरी आजी खालून हमखास ओरडते, "पोट्टेहो, एवढं पोतं पोतं काहून टाकता, माळा बसन!" मातीच्या घमेल्यांकडे तिचं लक्षच नसतं.

माळा आणि पत्रा यांच्या मधली जागा रिकामी ठेवायची आणि दोन्ही टोकांच्या भिंतींत, वरच्या तिकोनात, जाळी लावलेली भोकं ठेवायची. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेली हवा तिथून निघून जाते, हिवाळ्यात ओल निघून जाते. जाळी बारीक हवी. उंदराला भुसा आवडत नाही, पण भुशाखालची ऊब फार आवडते, आणि उंदरामागे साप येतो.

मात्र भुसा टाकायच्या आधी फटी बुजवायच्या. भिंत जिथे छपराला भेटते तिथे जुन्या घरात हात जाईल एवढी जागा असते. हिवाळ्यात शेगडीची सगळी ऊब तिथून वर पळते. थंड देशांत जुन्या घरांना ऊबदार करणारे कारागीरही आधी फटी शोधतात, मगच माळ्यावर कागदाचा लगदा किंवा काचलोकर पसरतात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत हा धंदाच उभा राहिला. फट राहिली तर वरचा फूटभर थरसुद्धा वाया. तणसाच्या बाबतीत तर ते लोक आमच्याही पुढे गेले. नेब्रास्कात लाकूड नव्हतं, तर त्यांनी गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती उभ्या केल्या. आर्थर नावाच्या गावात १९२८ साली बांधलेलं असं एक चर्च अजून उभं आहे. आणि लडाखचं छप्पर पाहिलं तर आमचा मिस्त्री ते लगेच ओळखेल: सफेद्याच्या तुळया, विलोच्या काड्या, वर गवत, वर माती. आमच्या माळ्याचाच क्रम, फक्त तिथे वीस-पंचवीस अंश उण्याची थंडी असते आणि इथे पंचेचाळीस अंशांचं ऊन.

भिंतींना मी सहसा हात लावत नाही. दीड-दोन फुटी मातीची भिंत दुपारचं ऊन मध्यरात्रीपर्यंत आत पोचू देत नाही. सेवाग्रामचं १९३६ चं आदी निवास मे महिन्यात आत जाऊन अनुभवावं, म्हणजे मातीची भिंत म्हणजे काय ते कळतं. पण तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारायची हौस फार वाढली आहे. सिमेंट भिंतीतली ओल आत कोंडतं, दोन पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि मागची माती घेऊन पडतो. मातीला मातीचाच गिलावा हवा. कन्हार ही चिकट माती नुसती वापरली तर वाळताना भेगा पडतात, तिच्यात हलकी सिहार माती मिसळायची, तणसाचे बारीक तुकडे, शेण, आणि हे सगळं भिजत घालून चांगलं आंबू द्यायचं. उन्हाच्या भिंतीला वरून चुना. पडवी वाढवली तर त्याहून बरं.

या माळ्याचा खरा शत्रू उधई. पूर्वी चुलीचा धूर रोज छपरात मुरायचा, बांबू काळे पडायचे आणि कीड लांब राहायची. २०१६ नंतर उज्ज्वलाचे सिलिंडर गावोगाव आले, बायकांच्या डोळ्यांचं पाणी थांबलं, ते चांगलंच झालं. पण धुराचं ते फुकटातलं काम आता दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. मी भिंतीच्या माथ्यावर, जिथे बांबू टेकतो, तिथे चुना आणि राखेचा जाड पट्टा देतो आणि घरच्यांना वर्षातून एकदा शिडी लावून बघायला सांगतो. उधईची मातीची नळी दिसली की लगेच मोडायची. शंभरातले किती जण चढून बघतात ते विचारू नका.

ओला भुसा म्हणजे माळा गेलाच. पत्र्यातली गळती आणि पत्र्याचा घाम यांतला फरक आधी ओळखावा लागतो, म्हणून माळा घालण्यापूर्वी दिवसाउजेडी पत्र्यावर पाणी ओतून प्रत्येक खिळा तपासतो. वैनगंगेकाठच्या गावांत, जिथे २०२० च्या ऑगस्टअखेरीस पुराचं पाणी घराघरांत शिरलं, तिथे लोकांना खालच्या ओलीची धास्ती असते. वरच्या ओलीकडे कुणी बघत नाही.

घरकुलांचं काय, हा प्रश्न हल्ली जास्त येतो. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट मुलखातल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा, असं गणित ठरलं. तेवढ्यात भिंती आणि स्लॅब उभा करता करता माणूस कर्जात जातो. थर कसला घालणार? तिथे माळा शोभत नाही आणि उंचीही नसते. मग थर स्लॅबच्या वर घालायचा. कुंभाराकडून साधी गाडगी घेऊन उलटी, एकाला एक लागून मांडायची, मधल्या फटींत विटांचा चुरा आणि चुना, वरून कोबा, त्यावर पांढरा हात. कवेलू थापणं सोडलेल्या कुंभाराला यातून थोडं काम मिळतं. ज्याला हेही परवडत नाही त्याने निदान दर होळीला स्लॅबवर चुना मारावा. डिंक किंवा फेविकॉल घातलेला चुना पहिल्या पावसापर्यंत टिकतो, आणि गरज तेवढ्यापुरतीच असते.

कूलरवर माझा राग नाही, माझ्याही घरी आहे. कोरड्या एप्रिलमध्ये तो उपकारच करतो. पण रोहिणीच्या शेवटी हवेत दमटपणा आला की तोच कूलर अंगाला चिकटणारी ओली हवा फेकतो, आणि नेमकी त्याच दिवसांत वीज जाते. माळ्याला वीज लागत नाही.

आता भुसा. तो मागायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत मागा. नवीन धानाची भरडाई जोरात असते, भुसा कोरडा असतो आणि मिलवाला ट्रॉली लवकर रिकामी करायच्या घाईत असतो. पुढे विटाभट्ट्या पेटतात, बॉयलरवाले उचलतात, भाव चढतो. आणि माळा झाल्यावर पहिल्याच पौषात घरातलं कुणीतरी गार वारा येतो म्हणून ती टोकाची भोकं पोत्याने बुजवायला निघेल. बुजवू देऊ नका. वारा भुशाच्या वरून जातो, खाली येत नाही. पोतं कोंबलं की पहाटे पुन्हा टपटप सुरू, आणि या वेळी ती ओल भुशात मुरलेली असेल.