पर्समधला कागद

"अगं, एखादी चांगली मुलगी असली तर सांग ना!"

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात प्रुफे तपासत होते. मला वाटले, मामेभावासाठी स्थळे पाहण्याची मोहीम सुरू झाली. मी लगेच शिक्षण किती हवे, उंची किती हवी, असे विचारू लागले.

"उंची काय करायची आहे मला?" आई वैतागली. "कारखान्यात मदतीला हवी आहे. माझ्या डोक्यात आता काही म्हणता काही राहत नाही."

ही गोष्ट 2022 च्या पावसाळ्यातली. आदल्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, बाबा करोनाने गेले. भोसरीच्या एमआयडीसीत त्यांचे लहानसे प्रेस शॉप होते. पत्र्याची पट्टी प्रेसमध्ये सरकवायची आणि खालून ब्रॅकेट, वॉशर, क्लिपा काढायच्या, असे काम. सहा पॉवर प्रेस आणि 22 कामगार. आई बी. कॉम. झालेली. लग्नानंतर घरी बसून कारखान्याची बिले आणि बँकेचे हिशेब तीच लिहायची, पण भोसरीला जायची ती फक्त खंडेनवमीच्या पूजेला. बाबा गेल्यावर नातेवाइकांनी एकमुखाने सांगितले, "विकून टाका." आईने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि पुढच्या सोमवारी बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. कामगार तिला आधीपासून वहिनी म्हणत. मालकीण झाल्यावरही ती वहिनीच राहिली.

खुर्चीत बसणे सोपे, पण त्या खुर्चीभोवती जे फिरत असते ते सांभाळणे किती कठीण, हे घरात बसून कळत नाही. महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीचे एक विवरण, 15 ला कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय, 20 ला जीएसटीचे दुसरे. मध्येच पत्र्याचा भाव वाढलेला, डाय तुटलेली, कुणाच्या मुलाचे ऑपरेशन आणि उचल हवी. बाबा हे सगळे एका निळ्या डायरीत आणि उरलेले डोक्यात ठेवत. डायरी आईला मिळाली. डोके कुठून मिळणार?

जाहिरात मी लिहिली. पत्रकारितेची पदविका घेतलेल्या मुलीने आईसाठी एवढेही करू नये? मी झोकात 'एक्झिक्युटिव्ह असिस्टंट पाहिजे' असे लिहिले. आमच्या फोरमनकाकांनी ते वाचून विचारले, "म्हणजे पी. ए.च ना?" मी त्यांना दोन्हींतला फरक समजावून सांगितला. आता आठवले की हसू येते, कारण तो फरक मलाही धड माहीत नव्हता.

मुलाखती मीच घेतल्या आणि एक चुणचुणीत, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलगी निवडली. पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता, या माझ्या प्रश्नाला तिने सुरेख उत्तर दिले होते. सात आठवड्यांनी ती सोडून गेली. जाताना आईला म्हणाली, "मॅडम, माझं काम नेमकं काय आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही."

आईला राग आला. मलाही आला, पण नंतर विचार केला तर मुलीचे खरे होते. आम्ही तिला फोन घ्यायला, चलने फाइल करायला, पाहुण्यांना चहा सांगायला आणि एकदा तर आमच्या घराच्या गॅसचा नंबर लावायलाही बसवले होते. जे महत्त्वाचे ते आई स्वतःजवळ ठेवायची आणि जे कंटाळवाणे ते तिच्याकडे सरकवायची. अशाने कोण टिकेल?

मग मी आईला एक वही दिली आणि म्हटले, "आठ दिवस तू जे जे करशील ते यात लिही. अगदी फोन केलास तरी." आईने कुरकुर करत लिहिले. आठ दिवसांत वही निम्मी भरली. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी ती घेऊन बसलो आणि जे फक्त आईच करू शकते त्यापुढे लाल खूण केली. भाव ठरवणे, चेकवर सही करणे, कामगारांची भांडणे मिटवणे, नवे काम घ्यायचे की नाही ते ठरवणे. पानामागे जेमतेम दोन-तीन खुणा! आई बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. "म्हणजे बाकीचं मी उगाच करते?" तिने विचारले. तिला हायसे वाटायला हवे होते, पण ती थोडी दुखावलेली दिसली. आपल्यावाचून अडत नाही, हे कुणालाही ऐकायला आवडत नाही.

दुसऱ्या वेळी निवड आईने केली आणि मला मुलाखतीच्या खोलीत येऊही दिले नाही. आलेल्या प्रत्येकीपुढे तिने महिन्याभराच्या कागदांचा ढीग ठेवला आणि सांगितले, "हे जरा लावून ठेवा, मी चहाचं बघते." बहुतेकींनी तारखेप्रमाणे गठ्ठे केले. एकीने मात्र वेगळेच केले. आपल्याला येणे असलेले एकीकडे, आपण देणे असलेले दुसरीकडे आणि ज्याचा अर्थ लागला नाही ते तिसरीकडे. आई परत आल्यावर तिने एवढेच विचारले, "यातलं आजच करायला हवं असं कोणतं?"

त्या आमच्या ताई. त्यांचे नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून ताईच म्हणते. वय त्रेचाळीस. लग्नाआधी एका वकिलांकडे टायपिस्ट होत्या. मग मुलीसाठी अकरा वर्षे घरी. टायपिंग शिकल्या त्या खडखडणाऱ्या गोदरेजच्या यंत्रावर. आमच्या ऑफिसात बाबांनी जपून ठेवलेले तसेच एक यंत्र आहे. ते पाहून त्या एकदम हसल्या. संगणकाचे काम मुलीकडून शिकून घेतले होते. आईने त्यांना नेमणुकीचे रीतसर पत्र दिले. त्यात कामे, वेळ, पगार, गुरुवारची सुटी (आमच्या भागातले कारखाने रविवारी नव्हे, गुरुवारी बंद असतात) आणि तीन महिन्यांची परीक्षा, सगळे लिहिले होते. जानेवारी 2023 मध्ये त्या रुजू झाल्या.

पहिला पेच पैशांचा आला. बँकेचे व्यवहार ताईंनी करायचे, पण ओटीपी यायचा आईच्या फोनवर. आई प्रेसच्या धडधडाटात उभी राहून तो आकडा ओरडून सांगायची! अर्ध्या भोसरीला तो ऐकू जात असेल. आमच्या सी. ए.नी कपाळाला हात लावला. मग बँकेकडून दोन पायऱ्यांची सोय करून घेतली. ताईंनी रक्कम भरून ठेवायची आणि आईने तपासून मंजुरी द्यायची. दोघींचे पासवर्ड वेगळे. विश्वास असला तरी अशी सोय हवीच. तिच्यामुळे उद्या आकडा चुकला तरी कुणावर संशय येत नाही.

आणि मग मार्चमध्ये ते ब्रॅकेटचे प्रकरण झाले.

आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने 3,800 ब्रॅकेट परत पाठवले. दोन भोकांमधले अंतर 2 मिलिमीटरने कमी होते. भोक लहान असते तर मोठे करता आले असते, पण जागाच चुकली तर त्या मालाचे भंगारच होते. गिऱ्हाइकाचे म्हणणे, "सुधारित ड्रॉइंग आम्ही महिन्यापूर्वीच दिलंय." आईचा पारा चढला. फोरमनकाका, कामगार, ट्रकचा ड्रायव्हर, सगळ्यांसमोर ती ताईंना म्हणाली, "मेल बघायचं काम तुमचं होतं ना? एवढा एक कागद सांभाळता येत नाही?" ताई एक शब्द बोलल्या नाहीत. जागेवर जाऊन त्यांनी महिन्याभराच्या सगळ्या मेल पुन्हा पाहिल्या. त्यात ड्रॉइंग नव्हते.

त्या गुरुवारी मी चिंचवडला आईकडे होते. देवळात जायचे म्हणून ती पर्स बदलत होती. काळ्या पर्समधून किल्ल्या, गोळ्या, दळणाची चिठ्ठी निघाली आणि आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेला एक मोठा कागद. तिने तो उलगडला आणि मटकन पलंगावर बसली. तेच ड्रॉइंग. गिऱ्हाइकाकडच्या बैठकीत साहेबांनी तिच्या हातात दिलेले. ती तिथून परस्पर एका लग्नाला गेली होती.

"आता?" मी विचारले.

"आता काय?" ती म्हणाली. देवळात काही गेली नाही.

मला वाटले, ती ताईंना बाजूला घेऊन सांगेल. मी तसे सुचवलेही. मालकाने सगळ्यांसमोर चूक कबूल केली तर धाक राहत नाही, असे काहीतरी शहाणपण मी पाजळले. आई म्हणाली, "बोलले सगळ्यांसमोर, मग हे कोपऱ्यात कसं सांगू?" शुक्रवारी दहाच्या चहाला सगळे जमले असताना तिने तो कागद टेबलावर ठेवला. "हा माझ्या पर्समध्ये होता. चूक माझी. यांना बोलले ते मी मागे घेते."

कुणी काही बोलले नाही. फोरमनकाका चहात बिस्कीट बुडवून विसरले. ताईंनी कागद उचलला, घडी नीट केली आणि हळूच म्हणाल्या, "मेलमध्ये नव्हता, म्हणजे तुमच्याकडेच हातात आला असणार, असं वाटलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"नोकरी नवी आहे, मॅडम."

हे वाक्य आईने मला त्या रात्री फोनवर तीनदा सांगितले. ब्रॅकेटचे नुकसान ती केव्हाच विसरली असती, पण हे मात्र तिला फार लागले. आपल्या हाताखालच्या बाईला चूक दिसत होती आणि आपल्या भीतीने ती गप्प बसली! बाबांच्या खुर्चीत बसल्यापासून आपणही तशाच झालो की काय, असे तिने मला विचारले. मी काय उत्तर देणार? मीसुद्धा संपादकांपुढे पुष्कळदा गप्प बसले आहे.

दुसऱ्या दिवसापासून आईने एक पद्धत सुरू केली. आल्या आल्या ती पर्स ताईंच्या टेबलावर उपडी करते. बिले, व्हिजिटिंग कार्डे, पावत्या, पाठीमागे आकडे लिहिलेली लग्नपत्रिका, सगळे. ताई त्यातले कारखान्याचे वेचून घेतात आणि गोळ्या व देवाचा अंगारा परत देतात. मग पंधरा मिनिटे दोघी बसतात. काल काय राहिले, आज कुणाला फोन करायचा आणि शेवटी आईचा ठरलेला प्रश्न, "माझं काय चुकतंय?" पहिला महिनाभर ताई "काही नाही" म्हणायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही पैसे मागत नाही."

ते अगदी खरे होते. बाबांच्या वेळची माणसे, त्यांच्याकडे मागायचे कसे, म्हणून आई गप्प बसायची आणि उधारी चार-चार महिने थकायची. ताईंनी यादी केली. सूक्ष्म व लघु उद्योगांची बिले, लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसला तर 15 दिवसांत चुकती करावीत, असे 2006 चा कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याजही द्यावे लागते. ताईंनी प्रत्येक बिलावर आमचा उद्यम नोंदणी क्रमांक छापून घेतला आणि 30 व्या दिवशी एक नम्र आठवणपत्र पाठवायला सुरुवात केली. पुढे आयकर कायद्यात नवे कलम आले. मुदतीत न दिलेली अशी रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येईना. मार्च 2024 मध्ये, कधी फोन न उचलणाऱ्यांनी आपणहून फोन करून आमची बिले मागवली! या कलमामुळे काही जण लहान कारखान्यांकडून माल घेणेच टाळतात, अशा तक्रारीही तेव्हा कानावर आल्या. आमचेही एक गिऱ्हाईक त्या सुमारास तुटले. कारण त्यांनी सांगितले नाही. आई दोन दिवस ताईंशी जरा तुटक वागली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पर्स उपडी केली.

ताई मात्र अजूनही तिला वहिनी म्हणत नाहीत. मॅडमच म्हणतात. आईने एकदा सुचवून पाहिले. "नको," त्या म्हणाल्या, "वहिनींशी मला पगाराचं बोलता येणार नाही."

परवाच त्या पगाराचे बोलल्या. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जाते आहे आणि शेजारच्या कारखान्यातून त्यांना बोलावणे आले आहे. आईने रात्री मला फोन केला.

"किती वाढवू गं?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटले. "पहिली मुलगी मीच निवडली होती ना?"

"तेही खरंच," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.