पूर्वपक्ष

आपल्या शास्त्रग्रंथांची एक शिस्त मला फार मोलाची वाटते. आचार्य स्वतःचा सिद्धांत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतात, आणि तेही असे की प्रतिपक्षाने ते वाचून ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ अशी मान डोलवावी. यालाच पूर्वपक्ष म्हणतात. हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चया’त बौद्ध, नैयायिक, सांख्य, वैशेषिक आणि मीमांसक यांची मते जैन दर्शनाच्या शेजारी बसवली. आत्मा आणि मोक्ष न मानणाऱ्या लोकायतांनाही शेवटी जागा दिली. अनेकांत म्हणजे ‘सगळ्यांचेच बरोबर’ असा सोयीचा अर्थ हल्ली प्रवचनांतूनही कानी पडतो. तो मला पटत नाही. आपल्या आचार्यांनी वाद टाळला नाही. अकलंकांच्या ग्रंथांत धर्मकीर्तीचे खंडन ठिकठिकाणी आढळते. परंतु ज्याचे खंडन करायचे, त्याचे म्हणणे त्यांनी आधी नीट समजून घेतले होते.

राजकीय नेतृत्वालाही मी हेच माप लावतो. नेत्याची वाणी किती ओजस्वी, सभेला गर्दी किती, हे मला दुय्यम वाटते. विरोधकाचे म्हणणे तो कोणत्या रूपात लोकांपुढे ठेवतो, एवढेच मी पाहतो. हे माप लावले की आजचे बहुतेक सर्व पक्षांचे नेते उणे भरतात. दूरचित्रवाणीवरील सायंकाळच्या वादांविषयी तर बोलायलाच नको. तेथे बोलणारे सहा आणि ऐकणारा एकही नाही.

माप फार कठोर आहे असे कोणी म्हणेल, म्हणून संविधान सभेचे उदाहरण देतो. गेली काही वर्षे चातुर्मासात स्वाध्यायानंतर मी त्या सभेच्या चर्चांचे खंड वाचत असतो. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू असताना हरि विष्णू कामत यांनी तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती सुचवली. ईश्वराचा प्रश्न मतास टाकणेच काहींना अप्रशस्त वाटले. हृदयनाथ कुंझरू यांनी या दुरुस्तीला विरोध केला. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणाशी निगडित असलेल्या बाबतीत समूहाचे मत कोणावर लादू नये, कारण याच उद्देशिकेने विचार, श्रद्धा व उपासना यांच्या स्वातंत्र्याचे अभिवचन दिले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मत घेतले गेले. ४१ अनुकूल, ६८ प्रतिकूल. जगाचा कर्ता ईश्वर न मानणाऱ्या आपल्या समाजासाठी तो निकाल किती महत्त्वाचा होता, हे वेगळे सांगायला नको. मला मात्र निकालापेक्षा तो वाद अधिक मोठा वाटतो. कामतांना कोणी देशद्रोही म्हटले नाही, आणि कुंझरूंना कोणी धर्मद्रोही ठरवले नाही.

महिनाभराने, २५ नोव्हेंबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समारोपाचे भाषण केले. मसुद्यावर एकूण ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या व त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे त्यांनीच सांगितले. त्यानंतर त्यांनी सभागृहातील बंडखोरांची नावे घेऊन आभार मानले. कामत, पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शहा, कुंझरू हे त्यांत होते. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल उणावत नाही, आणि ही मंडळी नसती तर संविधानामागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधीच आपल्याला मिळाली नसती, अशी त्यांची भूमिका होती. प्रा. शहा यांनी ‘धर्मनिरपेक्ष, संघात्मक, समाजवादी’ हे शब्द पहिल्या अनुच्छेदात घालण्याची दुरुस्ती १५ नोव्हेंबर १९४८ रोजी मांडली होती. आपली समाजरचना व अर्थव्यवस्था कशी असावी हे त्या त्या काळातील लोकांनी ठरवावे, असे सांगून बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांतील दोन शब्द पुढे १९७६ मध्ये उद्देशिकेत आले, तेही आणीबाणीत, विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात असताना. १९४८ मध्ये पूर्ण वाद होऊन जे शब्द नाकारले गेले, ते वाद करणारेच गजाआड असताना स्वीकारले गेले.

आपण व्यापारी माणसे. कीर्दीत जमेची बाजू लिहिली आणि नावेची कोरी ठेवली, तर तिला कोणी हिशेब म्हणणार नाही. कायद्याचा हिशेब मात्र अलीकडे असाच एका बाजूने लिहिला जातो. आमचे अडतीचे दुकान आहे, म्हणून २०२० च्या कृषी कायद्यांचे उदाहरण देतो. बाजार समितीच्या आवाराबाहेर बाजार शुल्काविना खरेदी करण्याची मुभा त्यांत होती. शेतकऱ्याला अधिक ग्राहक मिळतील, अडत्यांच्या साखळीतून तो सुटेल, असे समर्थक म्हणत. आत शुल्क आणि बाहेर सूट असेल तर आवार ओस पडेल, आणि मग भाव ठरवणारा उघडा लिलाव राहणार नाही, असे विरोधक म्हणत. माझा स्वार्थ कोणत्या बाजूला होता हे उघड आहे. तरी पहिला मुद्दाही मला पोकळ वाटत नव्हता. दोन्ही बाजू संसदीय समितीपुढे साक्षीपुराव्यांसह तपासल्या जाव्यात एवढीच अपेक्षा होती. विधेयके समितीकडे गेलीच नाहीत. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत मतविभागणीची मागणी होत असताना त्यांपैकी दोन आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयक लोकसभेने चर्चेविनाच संमत केले. कायदा का आला आणि का गेला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सभागृहाच्या दप्तरात अपुरीच राहिली.

हा दोष एका पक्षाचा नाही. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. आपला माणूस बोलला की टाळ्या आणि दुसरा बोलला की घोषणा, ही सवय मतदारांनीही नेत्यांना लावली आहे. समाजाच्या सभांत आपण तरी काय करतो? धर्मशाळेच्या जागेचा प्रश्न असो वा निधीच्या विनियोगाचा, इतिवृत्तात ‘ठराव बहुमताने संमत’ एवढीच ओळ उरते. विरोध कोणी केला आणि त्याची कारणे काय होती, हे पुढच्या पिढीला कधीच कळत नाही.

यंदाच्या वार्षिक सभेत विरोधी मते कारणांसह इतिवृत्तात नोंदवावीत, असा ठराव मी मांडणार आहे. तो फेटाळला जाण्याची शक्यता बरीच आहे. तसे झाले तर मी तो का मांडला, एवढे तरी इतिवृत्तात लिहावे अशी विनंती चिटणीसांना आजच करून ठेवतो.