इसाराचे दोन हजार

परवा नागपूरहून नातीचा फोन आला. नोकरीला लागून तिला तीन वर्षं झाली. म्हणाली, "आबाजी, ब्रह्मपुरीत एक प्लॉट घेऊन ठेवावा म्हणते. दहा लाखांचं कर्ज मिळतंय. सुरुवात कशी करायची?"

मला हसू आलं. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाला ही गुंतवणुकीचं विचारते! पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच डोक्यात राहिलं.

आमचा पहिला प्लॉट १९८५ सालचा. २,४०० चौरस फूट, पाच रुपये फुटाने, म्हणजे १२,००० रुपये. माझा पगार तेव्हा अकराशेच्या घरात. घरासाठी बँकेचं कर्ज ही आमच्यासाठी ऐकीव गोष्ट होती. ५,००० भविष्य निर्वाह निधीतून काढले, ४,००० शिक्षकांच्या पतसंस्थेतून घेतले आणि उरलेल्या ३,००० साठी हिच्या पाटल्या मोडल्या. पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापून जायचा, त्यामुळे तो कधी चुकला नाही. महिनाअखेरची वाण्याकडची उधारीही चुकली नाही म्हणा!

त्या प्लॉटवर दोन खोल्या झाल्या आणि माझी भीड चेपली. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून इकडे 'आता ब्रह्मपुरीही जिल्हा होणार' ही चर्चा अधूनमधून उठते आणि तिच्याबरोबर जमिनीचे भावही उठतात. नव्वदच्या दशकात गोंदियाकडच्या छोट्या रेल्वेची ब्रॉडगेज होण्याची भर पडली. जो भेटेल तो जमिनीचंच बोले. आपणही काहीतरी घेऊन ठेवावं असं मलाही वाटू लागलं. घराची गरज भागली होती, आता ही हाव होती. हे आज कळतं.

१९९४ साली ओळखीच्या एका दलालाने रस्त्यालगतची दोन एकर धानाची बांधी सुचवली. भाव फारच कमी. मालक गोंड शेतकरी, घरात आजारपण. मी म्हटलं, "आदिवासीची जमीन माझ्या नावावर कशी होईल?" तो म्हणाला, "गुरुजी, कागद दुसऱ्या आदिवासी माणसाच्या नावाने करू. कब्जा तुमचा. सगळे असंच करतात." मी २,००० रुपये इसार दिला. पतसंस्थेतून २०,००० चं कर्जही मंजूर करून घेतलं.

मग एका रविवारी बांधी बघायला गेलो. रोवणीचे दिवस. चिखलात वाकलेल्या बायांमधून एक मुलगी उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "गुरुजी, तुमी इकडं कसे?" माझ्याच नववीच्या वर्गातली. ती बांधी तिच्या बापाची होती. काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक 'सहज' म्हणालो.

त्या आठवड्यात एका निवृत्त महसूल कर्मचाऱ्याकडे जाऊन बसलो. त्यांनी जमीन महसूल संहितेतलं कलम ३६ अ समजावलं. ते १९७४ साली आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्यांनाही आधी शासनाची मान्यता घ्यावी लागते. नाहीतर व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. मी सौदा मोडला. इसाराचे पैसे मागितले नाहीत, आणि तेवढ्यावर स्वतःला उदार समजलो.

खरं सांगायचं तर कायदा मी वाचला तो माझे पैसे बुडू नयेत म्हणून. तो ज्याच्यासाठी केला होता, त्याला जाऊन काही सांगितलं नाही. मंजूर कर्जातले चार-पाच हजार त्याला हातउसने देता आले असते, तेही सुचलं नाही. वर्षभरात ती बांधी दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात गेली. मुलगी दहावीला शाळेत आली नाही. मी चौकशी केली नाही.

असो. नातीला मी रात्री फोन करून हिशेब सांगितला. दहा लाख, ९ टक्के व्याज, वीस वर्षं धरली तर हप्ता सुमारे ९,००० आणि एकूण फेड २१ लाख ५९ हजारांच्या आसपास. तेच पंधरा वर्षांत फेडलं तर हप्ता अकराशे-साडेअकराशेने वाढतो, पण सव्वातीन लाखांहून जास्त वाचतात. शिवाय मोकळ्या प्लॉटला भाडं येत नाही, आणि घर बांधेपर्यंत व्याजावर आयकराची सवलतही नाही. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू.

मग कागद. सातबारावर भोगवटदार वर्ग १ आहे की २, 'इतर हक्कां'त काय लिहिलंय, जुने फेरफार कसे आहेत, लेआऊट मंजूर आहे का, हे इसार देण्याआधी बघायचं. मोठा लेआऊट असेल तर महारेराची नोंदणीही बघायची. बँकेचा वकील कागद तपासतो, पण तो बँकेचे पैसे सांभाळतो. आपले आपण सांभाळायचे.

शेवटी तिला बांधीची गोष्ट सांगितली. हिच्याखेरीज कुणालाही आजवर सांगितली नव्हती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "आबाजी, त्या मुलीचं नाव आठवतं का?"

आठवतं. तीस वर्षांत हजेरीपटातली कितीतरी नावं पुसली गेली, ते नाही.

पुढच्या रविवारी नात येणार आहे. आधी सातबारा बघू, मग जागा. आणि ती जमीन आधी कुणाची होती, त्याने का विकली, हेही विचारू. तो रकाना सातबारात नसतो.