दोऱ्याचे वजा

माझ्या दहावीच्या क्लासची फी हलव्याच्या दागिन्यांतून भरली गेली. नथ, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं साखरेचं. नव्या सुनेनं पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर मिरवायचं आणि रथसप्तमी उलटली की घरातल्या पोरांनी आणि मुंग्यांनी मिळून संपवायचं. हे दागिने आई करायची आणि आईला ते माईंनी शिकवले. माई आमच्या ना नात्यातल्या, ना गावच्या, ना जातीच्या. लालबागच्या चाळीत आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत त्या राहायच्या, एवढाच संबंध.

माई मूळच्या पुण्याच्या. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. मागे राहिली ती दहा बाय बाराची खोली आणि सासूनं शिकवलेला हलवा. वर्षभर त्यांच्या हातात काहीतरी असायचंच. लग्नसराईत मोत्यांच्या मुंडावळ्या, गणपतीच्या आधी मूर्तीसाठी मोत्यांच्या कंठ्या, दसऱ्याच्या सुमारास ब्लाउजपिसांच्या उरलेल्या तुकड्यांचे बटवे; शिवाय चाळीतल्या बायकांच्या तुटलेल्या पोती ओवून देणं बारमाही. मोती आणि जर आणायला त्या भुलेश्वरला जायच्या आणि येताना दुकानदारांच्या नावानं बोटं मोडत जिना चढायच्या. पण त्यांचं खरं वर्ष मार्गशीर्षात सुरू व्हायचं. थंडीची पहिली चाहूल लागली की माई माळ्यावरून कल्हईची परात काढायच्या, आणि मग संक्रांत होईपर्यंत त्यांच्या खोलीत कुणी पंखा लावायचा नाही.

हलवा पाहिलेला असतो सगळ्यांनी, होताना पाहिलेला फार थोड्यांनी. शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून आच इतकी मंद करायची की परातीच्या बुडाला हात टेकवता आला पाहिजे. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा. शेजारच्या पातेल्यात एकतारी पाक. साखरेची मळी चमचाभर दूध घालून आधीच काढलेली आणि पाक पांढऱ्या फडक्यातून गाळलेला. चमचाभर पाक परातीत सोडायचा आणि बोटांच्या पेरांनी दाणे गोल गोल फिरवत राहायचं. पाक सुकला की पुढचा चमचा. पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना धरून बसतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर एका बाजूनंच थर चढतो. पहिल्या दिवशी नुसते मळकट पांढरे गोळे दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठे त्यांना बारीक काटा फुटायला लागतो. तो काटा आला की माई दाणा चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात बघायच्या आणि काही न बोलता परत टाकायच्या. बोलल्या नाहीत म्हणजे जमला असं समजायचं.

मुंबईच्या हवेवर त्यांचा कायमचा राग. "पुण्यात हलवा आपला आपण होतो," म्हणायच्या, "इथे समुद्र सगळा परातीत येऊन बसतो." ढगाळ हवा पडली की काटा धरायचा नाही. म्हणून त्या पहाटे तीनला उठून बसत. मी कधी अभ्यासाला उठले तर गॅलरीच्या टोकाला त्यांच्या दाराखालून उजेड दिसायचा आणि परातीत दाणे फिरल्याचा खरखर आवाज यायचा. हंगाम संपेपर्यंत त्यांची पेरं लालबुंद व्हायची, कातडी सोलून निघायची. रात्री त्या खोबरेल तेल चोळत बसत आणि ते करताना कुणी बघितलेलं त्यांना आवडत नसे.

१९८२ची संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी, १८ जानेवारीला, गिरण्या बंद पडल्या. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. वडील साचेखात्यात होते. महिन्याभरात मिटेल असं सगळे धरून चालले होते. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. तो संप मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावाला गेली. आम्ही गेलो नाही, कारण गावाकडची जमीन चुलत्यांच्या पोटालाच पुरत नव्हती. आईनं आधी भांडी काढली, मग कानातलं. मंगळसूत्रातल्या वाट्या राहिल्या.

होळीच्या सुमाराला एका दुपारी माई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात मोत्यांची पुडी आणि नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ. "मुंडावळ्यांचं काम आलंय, मला एकटीला उरकायचं नाही," एवढंच म्हणाल्या. मदत करते, शिकवते, असला शब्द नाही. आई गोंधळली. तिचे हात शेतातले आणि मासे कापायचे. ती मालवणीत पुटपुटली, "ह्यां माझ्यान जमाचा नाय." माईंना मालवणी येत नव्हती, निदान त्या दिवशी तरी आली नाही. त्यांनी पुडी सोडून मोती ताटात ओतले.

मुंडावळ्या आईला लवकर जमल्या. हलवा मात्र त्या वर्षी माईंनी तिला करायला दिलाच नाही; परातीला हात लावू दिला तो त्याच्याही पुढच्या थंडीत. आधी दागिने बांधायला लावले, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे काम मीही केलं आहे.

हलव्याच्या दाण्याला सुई चालत नाही. टोचली की दाणा फुटतो. दोऱ्याचा छोटा फास करायचा, दाणा त्यात बसवायचा आणि फास आवळायचा. दोरा दोन काट्यांच्या मधल्या खाचेत नेमका बसला तर दाणा जन्मात सुटत नाही. काट्यावरून गेला तर काटा मोडतो आणि दाणा बोडका दिसतो. असे सर बांधून झाले की ते पुठ्ठ्यावर टाकायचे. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा, कारण तो जाड असतो आणि फुकट मिळतो. बाजूबंदाचा, चिंचपेटीचा आकार माईंनी एकदा कापून दिलेला. तो ठेवून पेन्सिलीनं काढायचा. वर जर आणि टिकल्या, मागे पांढरं अस्तर. नथीला खसखशीचा बारीक हलवा, पाटल्यांना साबुदाण्याचा, मंगळसूत्रात काळे मणी खरे आणि वाट्या हलव्याच्या. जावयाला हार, अंगठी आणि मनगटी घड्याळ. त्या घड्याळाचे काटे माई नेहमी दहा वाजून दहा मिनिटांवर लावत. दुकानातल्या घड्याळांत तसेच असतात, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट, मनगट्या आणि बासरी. बासरीचा खप सगळ्यात जास्त, आणि बाळ ती पहिल्या मिनिटात तोंडात घालणार म्हणून तिच्यावर टिकली लावायची नाही, हा माईंचा नियम.

रंगीत हलवा त्यांना खपायचा नाही. काळ्यावर पांढरं हेच खरं, गुलाबी-हिरवे दाणे म्हणजे बडीशेपेच्या गोळ्या, असं त्यांचं मत. माझंही तेच आहे. आता बाजारात हलव्याच्या नावाखाली थर्माकोलचे मणी आणि प्लॅस्टिकचे मोती चिकटवलेले सेट मिळतात, दिसतातही छान, मुंग्यांची भीती नाही. पण जो दागिना शेवटी खाता येत नाही तो संक्रांतीला घालायचा कशाला, हे मला कळत नाही. असो.

पैशांचा व्यवहार माईंनी ठेवला तो असा. दादरच्या एका दुकानदाराकडे त्यांचा माल जायचा. आईनं केलेला माल त्या आपल्याच नावावर देत, कारण अनोळखी बाईच्या मालाला तो भाव पाडून मागायचा. तो पैसे थकवायचा. कधी रथसप्तमी होऊन महिना लोटला तरी हात वर. माई मात्र आईचे पैसे दर शनिवारी देत. स्वतःला मिळोत न मिळोत. हे आम्हाला फार उशिरा कळलं, तेही माईंकडून नाही. मधलं कमिशन त्यांनी घेतलं नाही. कुठल्याही धंद्यात आपलं गिऱ्हाईक आणि आपला हात दोन्ही दुसऱ्याला देऊन टाकणारी माणसं मी पुढे नोकरीत फार शोधली.

त्या काळाचं लिहिणारे लोक बायकांबद्दल लिहितात तेव्हा गिरगावात १९५९ साली ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसलेल्या सात जणींचं नाव घेतात, प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांसाठी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचं घेतात. घ्यायलाच हवं. आमच्या मजल्यावरच्या कामाला मंडळ नव्हतं, पावती नव्हती, बोर्ड नव्हता. एक परात होती आणि चार बायका होत्या. आई धरून माईंनी आणखी तिघींना त्यात ओढलं होतं.

आता एक गोष्ट, जी लहानपणी मला दिसत होती पण खटकत नव्हती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चाळीत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. तिळगूळ, वाण, ओटीला गाजर, बोरं, ऊस, हरभरे. नव्या सुनेच्या अंगावरचे दागिने माईंचे, पण माईंना त्या घरी बोलावणं नाही. विधवा. दारावरून जाताना कुणी "माई, सेट फार सुंदर झाला हो," म्हणायचं आणि त्या मान हलवून पुढे जायच्या. आमच्या घरीही वेगळं नव्हतं. आई त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी डब्यात तिळगूळ घेऊन जायची, आणि तिला त्यात काही चुकतंय असं वाटत नसावं. वाटलं असेल तर बोलली नाही.

नव्वदच्या दशकात माझं लग्न झालं. पहिल्या संक्रांतीचा सेट माईंनी केला, आणि पैशांचा विषय निघाल्यावर आईकडे असं बघितलं की तो तिथेच संपला. मी तेव्हा शहाणी झालेली, नोकरी करणारी. हळदीकुंकवाला माईंनी यायचंच आणि पहिलं कुंकू मी त्यांना लावणार, असं मी जाहीर केलं. माईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, मला त्या दिवशी दोन बोरन्हाणांच्या ऑर्डरी आहेत. तुझ्या कुंकवासाठी मी पोरांचे मुकुट अडकवून ठेवू?" मी हट्ट केला तेव्हा जरा चिडल्या. "मला बोलावून तुला बरं वाटणार आहे. मला काय वाटणार, ते विचारलंस का?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आल्या नाहीत त्या. संध्याकाळी माझ्या नथीचा एक दाणा निखळला तेव्हा गॅलरीतूनच सुईदोरा आत पाठवून दिला. सुई अस्तरासाठी, हे मला कळावं एवढी अक्कल तोपर्यंत मला आली होती.

वडिलांना पुढे एका सोसायटीत रखवालदाराचं काम मिळालं. आईनं दागिन्यांचं काम सोडलं नाही. तिच्या हाताखालून किती सुना नटून गेल्या हे तिला सांगता यायचं नाही. चाळ पाडायची ठरली तेव्हा माई पुतण्याकडे डोंबिवलीला गेल्या. परात, शेगडी, पुठ्ठ्यांचे नमुने सगळं घेऊन गेल्या. पुतण्याची बायको बिचारी चांगली, पण तिच्या गॅसच्या ओट्यावर शेगडीला जागा कुठून येणार?

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही माईंना बारीक दिसेनासं झालं. एका डिसेंबरात त्यांचा फोन आला. तब्येतीची चौकशी वगैरे काही नाही. "जुनी गिऱ्हाइकं सोडत नाहीत. हलवा मी इथे गॅसवर कसातरी करते, पण बांधायला दिसत नाही. तुला येतं ना अजून?" आई तेव्हा थकली होती, विचारणा मलाच होती. मी ठाण्याला राहायचे. रविवारी डोंबिवलीला जाऊन दाणे आणायचे, आठवडाभर रात्री टीव्हीसमोर बसून बांधायचे, पुढच्या रविवारी पोचवायचे, असं सुरू झालं. मुलगा आधी हसला, मग दाणे पळवायला लागला.

पहिला सेट घेऊन गेले तेव्हा माईंनी तो मांडीवर घेतला आणि पेरांनी तपासायला सुरुवात केली. एकेक सर, एकेक दाणा. तन्मणी बाजूला ठेवला. बाजूबंद ठेवला. पाटल्यांवर हात थांबला. "हे दोन सैल आहेत. उसव."

मी उसवले आणि तिथेच बसून परत बांधले. त्यांनी पुन्हा हात फिरवला, मग कनवटीची पुरचुंडी सोडून नोटा माझ्यापुढे धरल्या. मी एवढी मागे सरकले की पाटच घसरला. माई, तुमच्याकडून पैसे घेऊ मी? तुम्ही आमचं काय काय केलंत, वगैरे मी बरंच बोलले असेन. डोळ्यांत पाणीही आलं असेल.

"रडायला नंतर बस," माई म्हणाल्या. "फुकट केलेल्या कामात मला चुका काढता येत नाहीत. आणि तुझ्या कामात अजून पुष्कळ आहेत." मी नोटा घेतल्या, मोजल्या. ठरल्यापेक्षा थोड्या कमी होत्या. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "दोऱ्याचे वजा केलेत. रीळ माझं होतं."